जावेची किडनी

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा धड ओवता येत नव्हता, आणि ती ते कबूलही करत नव्हती. तिची मोठी जाऊ, म्हणजे थोरली, घराच्या पुढच्या खोलीत शाळांचे गणवेश शिवायची. तिने धाकटीला मशीनसमोर बसवलं आणि सांगितलं, "रड, चिड, काहीही कर, पण चुकलं की उसव." पहिलं वर्ष धाकटीने जवळजवळ उसवण्यातच घालवलं. पुढे थोरलीने कापायचं आणि धाकटीने शिवायचं, अशी वाटणी ठरली, ती अर्धं आयुष्य टिकली. रस्त्यावरून जाणाऱ्याला मशीनचा आवाज आधी ऐकू यायचा की या दोघींचा, हे सांगणं अवघड होतं.

नवरा गेल्यावर धाकटीला मुलीने परदेशी नेलं. तिथली भाषा येत नसताना तिने इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या पँटा आखूड करून दिल्या. "समोर गुडघ्यांवर बसून तोंडात टाचण्या धरल्या, की बोलायचं असतं कुणाला?" असं ती म्हणे.

तिथेच तिला फोनवर कळलं की थोरलीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. थोरलीला मूल नव्हतं, नवऱ्याचा रक्तगट जुळेना; सख्खा भाऊ द्यायला तयार होता, पण त्यालाच मधुमेह निघाला. धाकटीने कुणाला न सांगता तिकडे तपासण्या करून घेतल्या. रक्तगट जुळतोय असं समजताच तिने फोन लावला.

"वहिनी, मी येतेय. माझी एक घ्या."

"तुझी?" थोरली म्हणाली, "तू निवडलेली बटणंसुद्धा मी कधी लावली नाहीत." आणि फोन ठेवून दिला.

धाकटी आली ती आलीच, आणि थोरलीला तिने राजी करूनच सोडलं. आता अडचण निराळीच होती. कायद्याच्या लेखी जाऊ ही जवळची नातेवाईक धरली जात नाही. त्यातून किडनी देणारी परदेशातून आलेली. अशा वेळी रुग्णालयाची समिती दोघींना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारते. कुणी कुणाला विकत तर घेतलं नाही ना, कुणावर दडपण तर नाही ना, हे तिला पाहायचं असतं. समितीने नाही म्हटलं, तर थोरलीची सुटका नव्हती. आयुष्यभर दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं, तेही शरीर साथ देईल तोवर.

थोरलीचा नवरा, धाकटीचे भाऊजी, निवृत्त शिक्षक. परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. त्यांनी संभाव्य प्रश्न काढले, नमुन्याची उत्तरं बेतली आणि रोज सकाळी दोघींकडून घोकून घेतली. थोरली कंटाळून म्हणायची, "अहो, मी आजारी आहे, नापास नाही." पण ते ऐकतात कसले!

समितीच्या प्रमुख एक वकीलबाई होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्या समोरच्याकडे बघायच्या. त्यांनी धाकटीला विचारलं, "तुमच्यात कधी भांडण होतं का?"

"आमच्यात आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. आम्ही सख्ख्या बहिणींहून जवळच्या आहोत," धाकटीने एका दमात सांगून टाकलं.

मग थोरलीला विचारून झालं, आणि थोड्या वेळाने तिघांनाही आत बोलावलं गेलं. वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता.

"मला परवानगी देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दोघींनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. दलालाची माणसं असंच बोलतात. गेल्याच महिन्यात मावशी-भाची म्हणून दोघी आल्या होत्या. एकमेकींना त्यांनी विमानतळावर पहिल्यांदा पाहिलं होतं. एका देशाने दार लावलं, की हा धंदा दुसऱ्या देशाच्या दाराने शिरतो. म्हणून तर अनेक देशांनी मिळून ठरवलं, की माणसाच्या शरीरावर कुणी नफा कमवायचा नाही. शेवटी नाडला जातो तो गरीबच, आणि त्याला वाचवायला मी इथे बसले आहे."

थोरली पदर सारखा करत उठायला लागली, आणि ते धाकटीला बघवेना.

"थांबा!" ती म्हणाली. "हे सगळं भाऊजींनी पाठ करून घेतलंय. भांडत नाही म्हणे! मला पुन्हा विचारा. हवं तर यांना बाहेर काढा."

भाऊजींचे कान लाल झाले. ते थोरलीला घेऊन मुकाट्याने बाहेर गेले.

"बरं. कशावरून भांडता?" वकीलबाईंनी विचारलं.

"पंख्यावरून. मी घामाने भिजतेय, आणि वहिनी पंखा बंद करतात. का, तर म्हणे कापडावर ठेवायचे कागदी नमुने उडतात. अहो, वजन ठेवा ना त्यांच्यावर!"

"मग अशा बाईला किडनी कशाला देताय?"

"माझी मुलगी फार चांगली आहे. दिवसभर 'हो आई, हो आई' करते. मला 'नाही' म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय. ते मला हवंय."

मग ती बाहेर बाकावर येऊन बसली. थोरली आत गेली, आणि बंद दारातूनही तिचा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला. "पंखा? मी बंद करते? तीच झोतात बसायची आणि दुसऱ्या दिवशी शिंकत हिंडायची! आणि किडनी मी मागितलीच नाही. तीनदा नको म्हणाले. पोरीकडे परत जा म्हणाले. तिला पुढे काही झालं तर मी काय करू, ते सांगा तुम्ही मला!"

बाकावर भाऊजी पुटपुटले, "यातलं एकही मी शिकवलेलं नाही."

"म्हणूनच बरं बोलतेय," धाकटी म्हणाली.

समितीने शिवणाच्या खोलीचे जुने फोटो मागवले, शेजाऱ्यांना विचारलं, परदेशातल्या मुलीशी तासभर बोलून घेतलं. मग परवानगी आली. वकीलबाईंनी धाकटीला एकटीला बोलावून सांगितलं, "शेवटच्या क्षणापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. कारण विचारणार नाही. घरच्यांना आम्ही सांगू, तुमची किडनी त्यांना बसत नाही."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलाल?"

"एवढंच सांगू, की तुम्ही देण्याजोग्या नाही."

"म्हणजे वहिनी आयुष्यभर म्हणणार, हिचं काहीच कधी बसत नाही! नको. मी देते."

शस्त्रक्रियेनंतर धाकटीला जाग आली तेव्हा कूस ठणकत होती आणि घसा कोरडा पडला होता. थोरलीचं काय झालं हे विचारायला समोर कुणी नव्हतं. तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. वर्गात कधी आवाज न चढवणारे भाऊजी दिसेल त्याला, वॉर्डबॉयला, पाहुण्यांना, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना गाठून सांगत होते, "लघवी झाली! ऑपरेशनच्या टेबलावरच झाली! भरपूर झाली हो! नवी किडनी चालू झाली!"

"भाऊजी, हळू!" धाकटीने ओरडायचा प्रयत्न केला, पण हसू फुटलं, टाके ओढले गेले, आणि नर्स धावत आली.