न पुसायचा चिकटा

डाग दिसला की त्याचा हात आपोआप पुढे व्हायचा. बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरला रंग लागलेला दिसला, तरी पुसू का म्हणून विचारायचा. जन्मभर बटणांच्या कारखान्यात शिंपले घासलेला माणूस. शिंपले उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचे, बुळबुळीत पापुद्रा सुटला की ब्रशने असे घासायचे, की त्यात बघून भांग पाडावा. तिथेच त्याला ‘चकाचक’ नाव पडलं. आईबापांनी वेगळं काही ठेवलं होतं, हे घरचेसुद्धा विसरून गेले.

मग प्लास्टिकची बटणं आली, कारखान्याला कुलूप लागलं आणि चकाचक घरी बसला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. घासून घासून त्याने तव्याला भोक पाडायचंच बाकी ठेवलं. शेवटी बायको म्हणाली, “अहो, बाहेर जाऊन काय ते घासा. माझा संसार तेवढा सोडा.”

नशिबाने एका प्रयोगशाळेतल्या बाईला शिंपले हाताळणारा माणूस हवा होता. कारखान्यात जिवंत शिंपलेही यायचे, त्यामुळे आतल्या जिवाला न दुखवता ते उघडायचं कसब चकाचकच्या बोटांत होतं. बाई वयाने त्याच्या लेकीएवढी. ती त्याला काका म्हणायची, तो तिला बाई.

काम म्हटलं तर सोपं. टाकीतला शिंपला उचलायचा, लाकडी पाचर सारून किंचित उघडायचा, कवच आणि मांस यांच्या मधे नखाएवढी काचेची चकती सरकवायची आणि परत पाण्यात सोडायचा. आतला जीव काचेलाच आपली भिंत समजतो आणि तिला आतून लिंपायला लागतो. काही आठवड्यांनी चकती चिमट्याने काढायची ती थेट खाऱ्या पाण्याच्या बाटलीत टाकायची. बाईने हे सगळं दोनदा समजावलं होतं, आणि त्याला ते समजलंही होतं.

चकत्या काढायच्या दिवशी बाई कुठल्याशा बैठकीला गेली होती. चकाचकने पहिली चकती काढली तर तिच्यावर शेंबडासारखा चिकटा. दुसरीही तशीच. त्याला कसंसंच झालं. पाहुण्याला उष्ट्या कपात चहा द्यावा, तसं वाटलं. एवढी शिकलेली बाई, तिच्या हातात हे द्यायचं? सांगितल्यापेक्षा चार आणे जास्त चांगलं करून दाखवावं, या हौसेने त्याने सोड्याचं पाणी गरम केलं, मऊ ब्रश घेतला, आणि निघालेल्या सगळ्या चकत्या घासून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडून ठेवल्या. मग शाबासकीची वाट बघत स्टुलावर बसला.

बाई आली. फडक्याकडे बघत उभीच राहिली.

“काका, यांच्यावर काही होतं का?”

“होता थोडा चिकटा. काळजी नको, नावाला ठेवला नाही.”

“तोच हवा होता मला.”

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्याने खिशातली प्रयोगशाळेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. परत घरी बसायचं, परत तवे. पण माफी कुठल्या तोंडाने मागणार?

किल्लीला बाईने हात लावला नाही. एक हट्टी शिंपला तोवर उघडलाच नव्हता, म्हणून त्याच्यातली चकती तेवढी वाचली होती. ती तिने त्याच्याकडूनच काढून घेतली. चुन्याचा अंश विरघळलेलं पाणी दोन बशांत ओतलं. एका बशीत ही चिकट चकती ठेवली, दुसरीत त्याने घासलेली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. घासलेल्या काचेवर चुन्याचे टोकदार खडे कसेही पडले होते, रस्त्याकडेला खडी ओतून गाडी निघून जावी तसे. चिकट्यावर मात्र पातळ चपट्या फरश्या, एकीला लागून दुसरी.

बाईने सांगितलं, पाणी एकच, चुनाही एकच. पण चिकट्यात साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा असतात, प्रथिनांशी गुंतलेल्या. चुन्याला धरतात त्या. कुठे बस, कुठे वाढ, कुठे थांब, हे माळा आणि प्रथिनं यांच्या संगनमताने ठरतं. कोणती माळ नेमकं काय करते, तेच ती शोधत होती.

“साखर म्हणजे गोड असेल?”

“चाखू नका, एवढी कृपा करा.”

पुष्कळ वेळाने डोळा वर काढत चकाचक म्हणाला, “म्हणजे हा गवंडी. आणि मी जन्मभर गवंड्याला धुऊन भिंती विकल्या.”

राहिला प्रश्न वरच्या साहेबांचा. चकत्या नव्याने घालायच्या, शिंपल्यांना विसावा द्यायचा, म्हणजे काम लांबणार. चकत्या खराब झाल्या एवढंच सांगते, असं बाई म्हणाली. चकाचक नको म्हणाला आणि तिच्या मागोमाग साहेबांच्या खोलीत शिरला.

“साहेब, खराब झाल्या नाहीत. मी धुतल्या.”

साहेबांनी त्याला तिथल्या तिथे काढायचंच ठरवलं होतं. बाईने विचारलं, मग शिंपले कोण उघडणार? याआधीच्या माणसाच्या हातून निम्मे मेले होते. शेवटी चकाचक राहिला; सोडा आणि ब्रश गेले.

पुढच्या खेपेला बाई शेजारी उभी होती. चकाचकने पाचर सारली, चिमट्याने चकती धरली. चिकटा तारेसारखा लोंबत आला. त्याचा अंगठा वर उठला, हवेतच थांबला, मागे गेला. चकती बाटलीत पडली आणि त्याने झाकण घट्ट केलं. मग दुसरी. मग तिसरी. कपाळावर घाम आला, पण एकीलाही बोट लावलं नाही.

शेवटची बाटली बंद झाल्यावर त्याने खाली सांडलेल्या थेंबांकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, फरशी पुसली तर चालेल का.

“फरशी तुमचीच, काका,” बाई म्हणाली.

पार दारापर्यंत पुसत गेला तो.