तोफेची तिपाई

मावशीला घेऊन दुकानात जायचं म्हटलं की मी आधी बहाणे शोधते. ती वस्तू बघत नाही, हलवते. टेबल असो, शिडी असो, कपडे वाळत घालायचा स्टँड असो, दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवते आणि मान तिरकी करून कुठे कुरकुरतंय ते ऐकते. उभा जन्म तिने खुर्च्यांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढला. तिथली खुर्ची आधी मावशीचं वजन सोसायची आणि मगच गिऱ्हाइकाकडे जायची. निवृत्त झाली, पण खोड काही गेली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा नवरामुलगा घरी भेटायला आला, तर हिने हात मिळवता मिळवता त्याला चांगला हिसका दिला आणि आत येऊन मला सांगितलं, "खांदा पक्का आहे. घ्यायला हरकत नाही."

काका, म्हणजे तिचे यजमान, अगदी उलट. कशाला हात लावायचा तर हळुवार. शाळांचे वर्गफोटो आणि लोकांची लग्नं यांवर त्यांनी संसार केला, पण जीव पक्ष्यांत. पक्ष्यांसाठी त्यांनी एक हातभर लांबीची लेन्स घेतली होती. तिला घरात सगळे तोफ म्हणायचे. एवढं धूड काका नुसत्या हातांवर तोलून धरायचे, श्वास रोखून, तासन्‌तास. ट्रायपॉड लावणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करायचे. "ज्याला हात नाहीत त्याने पाय विकत घ्यावेत," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. औषधांनी चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, हात मात्र ऐकेना. त्यांच्या खिडकीसमोर पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या कठड्यावर एक ससाणा येऊन बसतो. काकांनी त्याचे फोटो काढले तर प्रत्येक फोटोत त्याला दोन दोन डोकी. ते फोटो त्यांनी मला दाखवले, "बघ, नवीन जात सापडली," म्हणाले, आणि तोफ कपाटात ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताला फोन केला. हा दोस्त गळ्यात कायम दुर्बीण अडकवून फिरतो, म्हणून त्याचं नावच दुर्बीण पडलंय. "रविवारी ये आणि तोफ घेऊन जा," काकांनी त्याला सांगितलं. "माझ्यापेक्षा तुझ्याकडे बरी राहील."

शनिवारी सकाळी मावशीचा मला फोन. "गाडी काढ. तिपाई घ्यायची आहे."

ट्रायपॉडला ती तिपाईच म्हणते. मी म्हटलं, "अगं, पण काकांनी लेन्स देऊन टाकायचं ठरवलंय ना?"

"त्यांनी ठरवलंय. मी कुठे ठरवलंय?"

गाडीत ती मांडीवर कॅमेरा लावलेली तोफ घेऊन बसली होती, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून. काकांना काय सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, भाजी आणायला चाललेय. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"तोफ गेली की खिडकीही जाईल," ती एकदम म्हणाली. "ससाणा आला काय, न आला काय. मग हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल. मला ते बघवणार नाही, सांगून ठेवते."

कॅमेऱ्याचं दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. आत शेवटच्या भिंतीपाशी ट्रायपॉड तंगड्या पसरून उभे होते. दुकानदार मध्यमवयीन, मऊ आवाजाचा. त्याने तोफ बघितली आणि आदराने दोन्ही हातांत घेतली. "ही कॅमेऱ्याच्या बुडाने नाही लावायची, मॅडम. हिला स्वतःचा पाय आहे, हा कड्याखाली. वजन मधोमध यायला हवं," म्हणाला आणि पहिल्या ट्रायपॉडवर त्याने ती चढवून दिली. खोक्यावर किती वजन पेलतं ते लिहिलेलं होतं. मावशीने वाचलं आणि ते खोकं माझ्याकडे दिलं.

"पेलेल हो. मोडणार नाही एवढंच ते सांगतंय. हलणार नाही असं कुठे लिहिलंय?"

"बरोबर आहे," दुकानदार म्हणाला. "त्या दोन गोष्टी वेगळ्याच."

तिने पाय पिळून बघितले, वरून दाबून बघितलं, कान लावला. मग मागे झाली तर तोफेचं तोंड आपोआप खाली, हळूहळू खाली जायला लागलं. "मान टाकली," मावशी म्हणाली. पाय चांगले होते, पण वरचा गोळा, ज्यावर कॅमेरा फिरतो, तो कमजोर. दुसरा ट्रायपॉड तिला पसंत पडला, भक्कम होता. काका उंच आहेत म्हणून तिने त्याची मधली दांडी पुरती वर काढली.

मग मावशीने उजवा हात उचलून कॅमेऱ्यावर ठेवला आणि तो हात थरथरायला लागला.

आधी मला वाटलं तिला काहीतरी झालं. मी पुढे धावणार, तेवढ्यात अंगठा दिसला. तर्जनीवर घासणारा, गोळी वळल्यासारखा. मग मनगट आतल्या बाजूला झटका खात होतं, जरा थांबत होतं, पुन्हा अंगठा. चहाचा कप उचलताना, शर्टाचं बटण लावताना मी तो हात कितीतरी वेळा बघितला होता. मावशीच्या मनगटाला काकांचा हात जोडल्यासारखं दिसत होतं. मी शेल्फवरचे कॅमेऱ्याचे पट्टे बघायला लागले, पण मला एकही पट्टा दिसत नव्हता.

"मॅडम, असा कोण धरतो कॅमेरा?" दुकानदाराने विचारलं.

"आमचे हे. त्यांचा हात आहे हा."

दुकानदार काउंटरवरचा वर्तमानपत्राचा कागद घेऊन गेला आणि पार दुकानाच्या दारावर चिकटवून आला. तोफ त्यावर रोखली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं मोठी करून दाखवली. "आता ठेवा हात, काकू," म्हणाला. मॅडमची काकू कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अक्षरं नुसती थयथया नाचत होती.

"दांडी खाली घ्या," तो म्हणाला. "तिच्यावर उंच चढवलं की सगळा डोलारा एका पायावर उभा. उंची हवी तर पाय लांब घ्या."

मावशीला कोणी चूक दाखवलेली आवडत नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, दांडीकडे बघितलं, आणि स्वतःच दांडी खाली दाबली. "खुर्चीची पाठ लांबवली की हेच होतं," म्हणाली. तिच्या बाजूने ही माफी होती. नाच कमी झाला, पण थांबला नाही.

तेव्हा दुकानदार मागच्या खोलीत गेला आणि एक धूड घेऊन आला. मनगटाएवढे जाड पाय, वर लोखंडी पाळण्यासारखं काहीतरी. तोफ त्या पाळण्यात बसली आणि जिथे ठेवली तिथेच राहिली, एका बोटाने वळली आणि बोट काढलं की थांबली. खालच्या आकड्याला त्याने वजन अडकवायला सांगितलं. मावशीने माझ्या खांद्यावरची पर्स काढून अडकवली. "हिच्यात काय कमी ओझं असतं?"

तिने पाळण्याची खिटी आवळली, हात ठेवला. हात थरथरत होता आणि पडद्यावर अक्षरं जरा शहारून उभी राहिली. सुबक, काळीभोर. मला दारावरच्या कागदातली लग्नाची जाहिरात वाचता आली. मावशीने हात काढला नाही. काकांचा हात जसा दिवसभर चालतो तसा चालवत राहिली आणि अक्षरांकडे बघत राहिली.

"एक सोपा उपायही आहे, काकू," दुकानदार जपून म्हणाला. "हे बटण. तारेवर चालतं. कॅमेऱ्याला हात लावायलाच नको, लांबून दाबायचं. मग त्या हलक्यावरसुद्धा काम भागेल."

मला ते एकदम पटलं. मी तसं म्हटलंही.

"नको," मावशी म्हणाली. "लांबून दाबायला ह्यांचीच काय गरज आहे? मीही दाबीन. त्यांना कॅमेऱ्याला हात लावता आला पाहिजे."

ते धूड गाडीपर्यंत नेताना माझ्या नाकी नऊ आले. हे रोज उचलणार कोण, असं विचारलं तर म्हणाली, "मी आहे की."

रविवारी दुर्बीण मोकळी बॅग घेऊन आला. मी मुद्दाम गेले होते. मावशीने पहाटेच खिडकीत तिपाई उभी केली होती, तोफ चढवली होती, खाली पर्सऐवजी बटाट्यांची पिशवी लटकवली होती. काका आपल्या खुर्चीत तोंड फुगवून बसले होते.

"मी पाय मागितले होते का कोणाकडे?" ते म्हणाले.

"तुम्ही नाही मागितले," मावशी म्हणाली. "तोफ भावजींना द्यायची तर द्या. पण आधी नीट चालते का तपासून द्या. माझ्या घरातून वस्तू तपासल्याशिवाय जात नाही."

काका उठले. टाकीच्या कठड्यावर ससाणा छातीची पिसं साफ करत बसला होता. काकांनी तोफ वळवली, मावशीने खिटी आवळली. मग त्यांनी उजवा हात कॅमेऱ्यावर ठेवला. हात थरथरत होता, अंगठा, मनगट, पुन्हा अंगठा. दुर्बीण तिपाईच्या पायांकडे बघत होता.

खटका वाजला. पुन्हा वाजला. काका पडद्यावर वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"एकच डोकं आहे," ते म्हणाले.

दुर्बीण पुढे होऊन बघायला लागला, तशी काकांनी त्याला कोपराने बाजूला सारलं. "उजेड अडवतोयस." आणि खटके सुरू झाले, एकामागून एक. ससाण्याने मान वळवली, पंख ताणले, यांनी सोडलं नाही. कितीतरी वेळाने ते ताठ झाले आणि मावशीकडे वळले. चेहरा असा उजळला होता, वर्षभरात मी तसा बघितला नव्हता.

"ही तू निवडलीस कशी? तुला काय कळतं त्यातलं?"

मावशीने उजवा हात वर केला आणि थरथरवून दाखवला.

काका त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अंगठा चुकतोय. माझा एवढा नाही हलत."

"हलतो," मावशी म्हणाली. "रोज हातात धरून झोपते मी तो. मला नका सांगू."

काकांनी पुन्हा तोफेला डोळा लावला. दुर्बिणीने आपली मोकळी बॅग घडी करून काखेत मारली आणि चहा ठेवा म्हणाला.