कोरडी भिंत

सुरुची मोरिवलीच्या एका कारखान्यात जिओटेक्स्टाइल तपासते. घोंगडीसारखं हे जाड कापड रस्त्याखाली आणि भिंतींमागे घालतात. त्यातून पाणी जातं, माती अडते. कुठे विरळ दिसलं की ती खडूने खूण करून तेवढा तुकडा कापायला लावते. मातीत गेल्यावर कोणाला दिसतंय, असं बाकीचे म्हणतात. तिला नेमकी त्याचीच धास्ती वाटते.

त्यात शिरगावला तिच्या इमारतीमागे टेकडी कापून भिंत बांधलेली. तिच्यामागेही हेच कापड आहे, पण ते कोणी तपासलं कोण जाणे. म्हणून पावसाळ्यात कामावरून आली की ती आधी भिंतीमागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपांखाली हात धरते. पाणी स्वच्छ असलं की वर जाऊन चहा टाकते. गढूळ आलं, तर मागची माती सुटली समजायचं.

परवा धो धो पावसात भिंत कोरडी होती.

"पार्किंगच्या नव्या लाद्यांवर डाग पडायचे," सोसायटीचे चेअरमन दिघेकाका म्हणाले. "सगळे पाइप बुजवून घेतले. आता तुम्ही निवांत झोपा."

म्हणजे पाणी भिंतीमागेच साठत होतं. ती तडक वळली. वर जाऊन नवऱ्याची छिन्नी-हातोडी घेऊन आली आणि पहिल्या पाइपातलं सिमेंट फोडलं. लालसर, गढूळ पाणी अंगावर आलं. दिघेकाका लाद्यांसाठी ओरडत राहिले.

पाणी निवळायची वाट बघत ती धारेखाली हात धरून उभी राहिली. पाण्यातला तळहात अजून दिसत नव्हता.