संत्र्याच्या पेटीतला आवाज

"बाई, आतून कडी लावा," बाबूराव म्हणाले.

मी लावली. घाईत ती दोनदा निसटली. बाहेर शाळेच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. आत आम्ही दोघं, एक कंदील आणि सरकारी रेडिओ. संध्याकाळच्या मराठी बातम्या चालूच होत्या. अंगणातून कुणीतरी ओरडलं, "त्या तवेवाल्याले बाहेर काढा!"

तवा म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड. तवेवाले म्हणजे आमचे बाबूराव मिस्त्री. पांढुर्ण्यात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नसराईत ते ग्रामोफोन आणि भोंगा भाड्यानं देत. त्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याच्या गावागावांत त्यांना लोक ओळखत. त्या दिवशी ही ओळखच त्यांच्या मुळावर आली होती.

नीरज, तू पत्रात लिहिलंस की गिटारच्या कॅबिनेटमधला स्पीकर बदलला, अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवला, तरी सगळा टोनच बदलला, आणि तुझी बहीण म्हणते हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ नाहीत. मी हे एकदा फार जवळून पाहिलं आहे. तुम्हा दोघांसाठी क्रमानं लिहिते.

राज्यांची फेररचना झाली, तेव्हाची गोष्ट. मी छिंदवाडा जिल्ह्यात, सौंसरच्या ब्लॉक ऑफिसात समाजशिक्षण संघटक होते. बायकांचे साक्षरता वर्ग घ्यायचे आणि गावांना दिलेले सार्वजनिक रेडिओ सांभाळायचे, हे माझं काम. बोरगावजवळच्या एका गावात शाळेत असा एक संच होता. गावात वीज नव्हती, तो बॅटरीवर चाले. रोज संध्याकाळी मंडळी नागपूरच्या बातम्या ऐकायला जमत.

त्या दिवसांत बातम्यांची वाट जरा जास्तच पाहिली जाई. तोवर नागपूर आणि आम्ही एकाच राज्यात होतो, जुन्या मध्य प्रदेशात; राजधानीही नागपूरच. आता नागपूर मुंबई राज्यात जाणार, हे दिसत होतं. आमचं काय? आमची भाषा मराठी, सोयरीक काटोल-नागपूरकडची, संत्री आणि कापूस विकायचा नागपुरात. रोज नवी अफवा उठे.

नेमका तेव्हाच उंदरानं रेडिओचा स्पीकर कुरतडला. स्पीकरमध्ये कागदाचा एक कोन असतो, तो हलला की हवा हलते आणि आवाज होतो. तो कोनच फाटला. आवाज फरफरू लागला, शब्द कळेनात.

मी बीडीओ साहेबांकडे गेले.

"संचाचं सरकारी सील तोडू नका," ते म्हणाले. "वर्कशॉपला पाठवा. दीड-दोन महिने लागतील."

"साहेब, तोवर राज्य बदललेलं असेल."

"मग नवं राज्य दुरुस्त करील," ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

मी तसं केलं नाही. बाबूरावांना बोलावलं आणि सील माझ्या हातानं तोडलं. डायरीत तशी नोंदही केली. लपवाछपवी मला कधी जमली नाही.

बाबूरावांकडे त्या मापाचा स्पीकर नव्हता. एका बंद पडलेल्या फिरत्या सिनेमाचा बारा इंची मोठा स्पीकर होता. तो रेडिओच्या खोक्यात मावेना. मग त्यांनी संत्री भरायची लाकडी पेटी घेतली, फळीला गोल भोक पाडलं, स्पीकर आत बसवला आणि दोन तारा रेडिओला जोडल्या. गावात दवंडी पिटली: आज रेडिओ चालू होणार.

चालू झाला. आवाज स्वच्छ होता, पण भलताच होता. बातम्या देणारे गृहस्थ रोज जरा नाकातून, बारीक आवाजात बोलत. पेटीतून तेच गृहस्थ एखाद्या पहिलवानासारखे घुमू लागले. मोठा कोन खालचे सूर उचलून देतो, वरचे, 'स' आणि 'च'चे धारदार सूर मागे पडतात. त्यात पेटीची पोकळी स्वतःचा घुमारा मिसळते. बाबूराव खूश होते. "राजेशाही साउंड आला की नाही, बाई?"

आणि त्याच राजेशाही साउंडमध्ये बातमी आली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच.

मग मागून एक जण उठला. "हा तो मानूस नाही."

"आवाज त्याचा नाहीच."

"रेडिओ तिकडं, आवाज पेटीतून काहून येऊन राह्यला? तवा लावला यानं! पढवलेला तवा!"

मुलांनो, त्यात वेडगळ काहीच नव्हतं. पेटी नवी, आवाज परका, बातमी नको असलेली, आणि शेजारी रेकॉर्डी वाजवणारा माणूस. चार गोष्टींची बेरीज त्यांनी केली, एवढंच. पुढची रांग उठली तेव्हा मी बाबूरावांना आत ओढलं. दोघांनी मिळून रेडिओ आणि पेटीही आत घेतली आणि कडी लावली.

दारावर थापा पडू लागल्या. नंतर थापा थांबल्या आणि काहीतरी जड आपटू लागलं. बाबूराव भिंतीला टेकून खाली बसले होते. "बाई, माह्या घरी लेकरं आहेत," एवढंच म्हणाले. त्यांना मी आणलं होतं. नियम मी मोडला होता आणि मार त्यांना बसणार होता.

बातम्या अजून सुरूच होत्या. शेवटी ठळक बातम्या पुन्हा सांगतात, हे मला माहीत होतं. हातात फार तर पाच मिनिटं होती.

"बाबूराव, जुना स्पीकर कुठे आहे?"

"पिशवीत. कागद चिकटवून पाहिला होता खळीनं. पन फरफरतेच."

"फरफरू दे."

मी दारापाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "महादेवराव पाटील, तुम्ही एकटे आत या. तवा सापडला तर आम्ही दोघं बाहेर येतो."

महादेवराव गावातले वडीलधारे, रोज रेडिओच्या अगदी पुढ्यात बसणारे. आपटणं थांबलं; मी दार किलकिलं करून त्यांना आत घेतलं आणि कडी पुन्हा लावली. हातात काठी होती. त्यांनी पेटीत कंदील धरला, हात घालून चाचपलं. "लोहचुंबक आन् कागद. आन् कोळ्याचं जाळं."

"आता तारा तुम्ही जोडा," मी म्हटलं. "आमच्यावर विश्वास नको."

तारा बदलण्याआधी संच बंद करावा लागतो. स्पीकर न लावता तो चालू राहिला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नीरज, तूही हे विसरू नकोस. मी बटण बंद केलं. पाटलांनी जाड बोटांनी तारा सोडवल्या आणि फाटक्या स्पीकरला पिळल्या. रेडिओचा आवाज थांबला म्हणजे आम्ही काहीतरी लपवतोय, असं बाहेरच्यांना वाटलं असणार. लगेच एक धोंडा खिडकीवर आदळला.

मी बटण सुरू केलं. फरफर, आणि त्या फरफरीतून तो बारीक, नाकातला आवाज.

"हा आपला!" बाहेर कुणीतरी ओरडलं.

पुन्हा बंद. पुन्हा पेटी. पहिलवान. बंद. फाटका. नाकातले गृहस्थ. पाटलांचं कपाळ घामानं चकाकत होतं. पेटीत सुरू झालेली बातमी फाटक्या स्पीकरवर पुढे जात होती. ते मधूनच म्हणाले, "मानूस एकच हाय. तोंडं दोन."

मी दार सताड उघडलं. ठळक बातम्या सुरू झाल्या, तेव्हा फाटका स्पीकरच जोडलेला होता. त्यांच्या ओळखीच्या, विश्वासाच्या आवाजात ती बातमी पुन्हा आली. विदर्भ मुंबई राज्यात. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात.

एकानं हातातला धोंडा हळूच भिंतीच्या कडेला ठेवला. मला वाटलं होतं की सुटकेचा श्वास घेईन. तो आलाच नाही. दहा मिनिटांपूर्वी त्यांच्याकडे एक शंका तरी होती. तीही मीच काढून घेतली होती.

पाटील काठीवर भार देऊन उभे होते. "बाई, तोंड बदलता येते तर बातमी नाही का येत बदलवता?"

मी रेडिओचं बटण बंद केलं.

बाबूरावांना पाटलांनी स्वतःच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, बोरगावच्या प्रवासी मोटारीपर्यंत पोहोचवलं. सील तोडल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी तो तीन पानी दिला. पुढे आमची कागदपत्रं नागपूरहून भोपाळला हलली, त्यात तोही गेला. उत्तर अजून यायचं आहे.

गावानं पेटीतला मोठा स्पीकर परत केला. वर्कशॉपमधून नवा येईपर्यंत फाटक्यावरच बातम्या ऐकल्या.

तेव्हा नीरज, अ‍ॅम्प्लिफायर फक्त वीज पाठवतो, आवाज कोणाचा वाटायचा ते स्पीकर ठरवतो. बहिणीला पटवायचं असेल तर दोन्ही स्पीकर शेजारी ठेव आणि तारा तिलाच जोडू दे. आणि यापुढे बदलशील तेव्हा, ऐकणाऱ्यांना आधी सांगून बदल.