तिथं कोण हाय आपलं?

आमच्या प्रतिभाला दारावर जायची लय हौस. ऐकायला कसंतरी वाटतं ना? पण खरं तेच सांगते. भावकीत कुठं मयत झालं, की त्या घरच्यांच्या दारावर जायला, त्यांच्याजवळ बसून चार आसवं गाळायला, सगळ्यात आधी ही फिकट पातळ नेसून तयार. लोक म्हणतात, "वाल्मीकची बायको कोणाचं दार चुकवत नाय." मी तिची मोठी जाऊ, लंकाबाई. एका चुलीवर आमची वीस-बावीस वर्षं गेली. ती जाते ते गाडीच्या खिडकीसाठी, हे मला ठाऊक हाय.

तर गंगापूर रोडच्या पुढं आमचा शेवंतीचा मळा. उजाडायच्या आत फुलं तोडायची, क्रेट भरायचे, बाजाराला लावून द्यायचे. फुलाला रविवार नसतो, नि सणाला तर आम्हाला जेवायची फुरसत नसते. मुंबई-पुण्याची माणसं नाशिकला फिरायला येतात, आमच्या बांधावर उभी राहून फोटो काढतात. त्यांच्या मागं फुलं तोडत वाकलेल्या दोघी, त्या आम्ही.

लग्नाला जावं म्हणाल, तर लग्नं आता सगळी नाशिकच्या लॉन्समध्ये. देवळ्याची पोरगी असो नाहीतर मालेगावची, वरातच इकडं येते. माणूस मरतं मात्र आपल्या घरीच. नि मरणाला कोणी नाय म्हणू शकत नाय. म्हणून प्रतिभाला मळ्यातनं सुट्टी मिळायची ती तेवढीच.

गाडीत बाकीच्या बाया गेलेल्या माणसाचे गुण गात बसायच्या, नि ही काचेला नाक लावून. "दादा, ही वाट कुठं जाते हो? त्या डोंगराला काय म्हणतात?" कंडक्टर वैतागायचा. मी चिमटा काढायची, "अगं, मयताला निघालोय, जत्रेला नाय!"

कळवणच्या पुढं एक खिंड लागते. तिथनं खाली तळं दिसतं, नि तळ्याच्या काठानं एक पायवाट डोंगराआड जाते. प्रतिभानं ती पहिल्यांदा बघितली तेव्हापासनं तिचा जीव तिथंच अडकला. दर वेळी गाडी खिंडीतनं निघून जायची नि ही मान वळवून बघत राहायची. उतरायची सोय नाय. दारावरनं निघालं की वाटेत कुठं टेकायचं नाय, सरळ घर गाठायचं नि अंगावर पाणी घ्यायचं. आमच्याकडं रीतच हाय तशी.

एकदा तिनं धीर करून नवऱ्याला विचारलं, "एक दिवस नुसतंच जाऊन येऊ या का तिकडं?"

वाल्मीकभाऊ काही वाईट माणूस नाय. पण त्याला खरंच कळेना. "तिथं कोण हाय आपलं?" म्हणाला. प्रतिभा क्रेट उचलून मळ्यात गेली. मलाही त्याचंच खरं वाटलं. आपलं कोणी नसेल तिथं माणूस जातं कशाला?

खिंडीपलीकडच्या गावांतली आमच्या भावकीची म्हातारी माणसं एकेक करत गेली. मागं राहिली एकटी सखूआत्या, आमच्या सासऱ्यांची बहीण. नव्वदीची, पण खणखणीत. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "काय गं, आत्याच्या मरणावर टपलीस का?"

प्रतिभाचा चेहरा पडला. "असं बोलू नका ओ बाई. शंभर वर्षं जगू दे त्यांना," म्हणाली नि सुपातले तांदूळ निवडायला लागली.

यंदा माघात आत्या गेली. भावकीनं मिळून क्रुझर केली, सगळे दाटीवाटीनं बसून गेलो. आत्याला पोटचं कोणी नव्हतं. सासरच्या पुतण्यांनी बाहेरगावाहून येऊन उरकून घेतलं, घराला कुलूप लागलं. परत निघालो. खिंड आली तशी प्रतिभानं तोंडाला पदर लावला. "थांबवा, मळमळतंय मला."

गाडी थांबली. ही उतरली ती सरळ उतार धरून खाली. बराच वेळ झाला तरी येईना. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. वाल्मीकभाऊ म्हणाला, "वहिनी, बघा बरं जरा."

गुडघ्यांना शिव्या घालत मी उतरले. बघते तर काय! चपला शेजारी जोडून ठेवलेल्या, पातळ वर खोचलेलं, नि बाईसाहेब पाण्यात पाय सोडून बसलेल्या. माझं डोकंच फिरलं. "अगं भवाने, दारावरनं येताना असं बसतात का? घरात लहान लेकरं हायेत आपल्या! काही लाजलज्जा?"

"बाई, बसा ना घटकाभर," ती म्हणाली.

तिचा आवाज ऐकून मी बसले. पाय पाण्यात घातले. गार पाणी, पार गुडघ्यापर्यंत बरं वाटलं. समोर ती पायवाट पाण्याला वळसा घालून पलीकडं निघाली होती. पुढं कुठं जाते ते इथनंही दिसत नव्हतं.

"त्या वळणापर्यंत जाऊन येऊ?" तिनं विचारलं.

वरनं हॉर्न वाजला.

"पुन्हा कधीतरी येऊ," मी म्हटलं. तोंडातनं निघून गेलं आपलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. फुलं तोडून तोडून काळी पडलेली बोटं पदरात गुंडाळली. "पुन्हा कधी, बाई? आता इथं कोण हाय आपलं?"

नि मग रडायला लागली. आत्याच्या दारात नव्हती रडली तशी, हंबरडा फोडून. डोंगरात आवाज घुमला. मी तिला कवेत घेतलं, दुसरं काय करणार?

वर रस्त्याच्या कडेला सगळी माणसं येऊन उभी राहिली होती. वाल्मीकभाऊनं टोपी काढून डोळे पुसले नि ड्रायव्हरला म्हणाला, "हॉर्न नको वाजवू रे. रडू दे तिला. आत्यावर लय जीव होता तिचा."