एनॉकच्या दोन खाचा

व्हर्लीन टॉलिव्हरच्या हातात चमचा आला की ती आधी तो उलटा करायची. कुणाकडे जेवायला गेली तरी तेच. "अगं बाई, धुतलेला आहे तो!" म्हणून घरधनीण फणकारायची. व्हर्लीनला धुतल्या-न धुतल्याशी काही देणंघेणं नव्हतं. चमच्याची पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते, तो कुणी केला ते मागच्या बाजूला कळतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

केंटकीतल्या त्या गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की एखाद्या शनिवारी त्याच्या घरातलं सगळं सामान अंगणात टेबलांवर मांडून विकतात. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून व्हर्लीन या विक्रीला जायची. घ्यायची फारसं काही नाही. पर्समधून भिंग काढायची आणि चमचे चाळत बसायची. जुन्या काळी चांदीची नाणी वितळवून केलेले ते पातळ, हलके चमचे. गावातल्या बहुतेक चमच्यांच्या पाठीवर एकाच जुन्या चांदीकाराचा ठसा असायचा, लॅथ्रप.

"व्हर्लीन, बघ गं, लॅथ्रपचाच ना हा?" विकणारे विचारायचे.

"ठसा लॅथ्रपचा आहे," ती सांगायची. चमचा लॅथ्रपचा आहे असं तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. लोकांना वाटायचं, म्हातारीची बोलायची तऱ्हा.

तऱ्हा कसली! तिचा खापरपणजा एनॉक त्या लॅथ्रपच्या दुकानात गुलाम होता. भट्टीशी तो, ऐरणीशी तो, नाणं ठोकून त्याचा चमचा करणारा तो. चमचा तयार झाला की मालक त्यावर आपल्या नावाचा ठसा मारायचा आणि पुढच्या दालनात बसून बायाबापड्यांशी गोड बोलत तो विकायचा. निदान टॉलिव्हरांच्या घरात तरी ही गोष्ट अशीच सांगत आले होते. लॅथ्रपच्या वंशजांच्या घरात ती वेगळी सांगत असणार, आणि तिथे ऐकायला पाहुणे जास्त.

इतके चमचे पाहता पाहता व्हर्लीनला एक गोष्ट दिसली होती. दांडी वाटीला जिथे मिळते तिथे मागे चांदीची छोटीशी जिभली असते. लॅथ्रपच्या काही चमच्यांवर त्या जिभलीखाली कानशीने ओढलेल्या दोन बारीक तिरप्या खाचा होत्या. इतक्या बारीक, की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडू नयेत. ठसा मारायची सोय नसलेल्या माणसाने आपली सही करावी तर ती अशीच करील, असं तिच्या मनाने घेतलं.

गावाला दोनशे वर्षं होत आली तेव्हा तिथल्या लहानशा संग्रहालयाने लॅथ्रपची चांदी काचेच्या कपाटात कायमची मांडायचं ठरवलं. व्हर्लीन चर्चला जायचे कपडे आणि हॅट घालून संग्रहालय सांभाळणाऱ्या मिसेस प्रुइटना भेटली.

"कपाटातल्या पाटीवर एनॉकचं नाव घाला," ती म्हणाली.

मिसेस प्रुइट बाई भल्या होत्या. त्यांनी कपाटातले चमचे काढले, खाचा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. "तुम्ही म्हणता ते खरं असेलही, मिसेस टॉलिव्हर. मला तर ते खरं असावं असंच वाटतं. पण त्या दुकानात आणखीही माणसं राबत होती. खाचा त्यांच्यापैकी कुणाच्याही असतील. एनॉकच्याच हातचा, असा एखादा चमचा असता आणि त्यावर ह्याच खाचा असत्या, तर मी आज पाटी लिहिली असती."

व्हर्लीनला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. कारण असा चमचा होता!

एनॉकला कुणीतरी खूश होऊन एक नाणं दिलं होतं. त्याचा त्याने बायकोसाठी, डायसीसाठी, पहिल्या बाळंतपणात चमचा केला. त्यावर मालकाचा ठसा नव्हता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बाळाचा पहिला घास, कुस्करलेलं रताळं, त्याच चमच्याने भरवत आले होते. घरात जी वयाने मोठी, तिच्याकडे तो राहायचा. सध्या तो लुइव्हिलला चुलतबहीण ओझेलाकडे होता.

व्हर्लीनच्या बोलावण्यावरून ओझेला चमचा घेऊन बसने आली. उतरल्या उतरल्या तिची सरबत्ती सुरू झाली. "किती वाळलीस गं पोरी! आणि ही हॅट? कोंबडी बसवलीय का डोक्यावर?"

"माझी हॅट राहू दे. चमचा आणलास ना?"

"आणलाय म्हणजे काय! मांडीवरून खाली ठेवला नाही." संग्रहालयाच्या पायऱ्यांवरच ओझेलाने फडक्याची गाठ सोडली. "बघ. आहे कुठे डाग? आईने जाताना बजावलं होतं, ओझेला, ह्याला काळं पडू द्यायचं नाही. दर रविवारी चर्चला जायच्या आधी घासते. काल तर दोनदा घासला."

चमचा उन्हात लखलखत होता. व्हर्लीनने सवयीने तो उलटा केला आणि जिभलीखाली अंगठा फिरवला. अंगठा सरकन पुढे गेला. पाठ सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत होती.

भिंग काढायचं तिला धाडस होईना.

त्या घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या टेकडीवरच्या गोऱ्यांच्या घरी चांदी घासत आल्या होत्या. आजी, आई, ओझेला, सगळ्या. दुसऱ्यांची चांदी आरशासारखी करायची आणि घरी आल्यावर आपला एकुलता एक चमचा त्यांच्यापेक्षा कमी दिसायला नको म्हणून त्याला दुप्पट रगडायचं. चांदी मऊ असते. प्रत्येक घासण्यात तिचा कणभर थर जातो. ह्या बायकांनी मायेने घासलं, आणि घासताघासता नाणं ठोकणाऱ्याच्या हाताची खूणच पुसून टाकली. कुणावर रागवायचं? लहानपणी आजीने हाच चमचा व्हर्लीनच्या हातात दिला होता. "त्यात तुझे दात दिसेपर्यंत घास," म्हणाली होती. तिने घासला होता, दात दिसेपर्यंत. तेव्हा खाचा होत्या का? व्हर्लीनने डोळे मिटून आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवत होते ते फक्त स्वतःचे दात.

ओझेलाचे गुडघे दुखत होते, म्हणून ती बाहेर बाकावर बसली. आत मिसेस प्रुइटनी चमचा दिव्याखाली धरला, कलता केला, भिंग बदललं.

"इथे काहीतरी असावं," शेवटी त्या म्हणाल्या. "असावं, एवढंच. मला दिसत नाही, मिसेस टॉलिव्हर. आणि जे दिसत नाही ते मला पाटीवर लिहिता येत नाही. मला फार वाईट वाटतंय."

"तुमचा काय दोष," व्हर्लीन म्हणाली. खरोखरच त्यांचा काही दोष नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तिच्या शेजारी कपाटात लॅथ्रपच्या नावाची पाटी आधीच लावलेली होती.

चमचा फडक्यात गुंडाळून ती बाहेर आली. ओझेला हातातल्या पंख्याने वारा घेत होती. तिने घाईघाईने सरकून जागा करून दिली.

"काय म्हणाली गं बाई? पटलं ना तिला?"

व्हर्लीन तिच्याशेजारी बसली. ओझेलाची बोटं घासण्याच्या पावडरीने चरे पडलेली, नखांच्या कडा पांढऱ्या. व्हर्लीनने तिचा हात हातात घेतला.

"म्हणाली, इतकी जपलेली चांदी तिने आजवर पाहिली नाही."

"मग!" ओझेला तोंडभर हसली. "मी सांगत नव्हते? आण इकडे, तिच्या बोटांचे डाग पडले असतील."

तिने चमचा काढून घेतला, त्यावर हाहा करून वाफ सोडली आणि त्याच फडक्याने त्याची पाठ घासू लागली. व्हर्लीन बघत राहिली. तिला अडवता येईना.