पहिलं चार्जिंग साहेबांसमोर

करूळ घाट उतरताना माझ्या विजेवरच्या गाडीचा चार्ज आपोआप तीन टक्क्यांनी वाढला. उतारावर पाय ब्रेकवर असला की बॅटरी थोडी भरते. घाट सरकारी आहे, तेव्हा ही सवलतही मी सरकारच्याच नावावर धरली.

बाकीच्या सवलती गेल्या वर्षीच घेऊन झाल्या होत्या. रस्त्याचा कर माफ, नोंदणी माफ. कोल्हापुरात गाडी विकणारा म्हणाला होता, "मॅडम, सगळं सरकार बघतंय, तुम्ही फक्त चालवा." चालवत गेल्यावर ती भरायची कुठे, हे विचारायचं मी विसरले. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि स्वतःच्या वेळी नकाशा बघायचा राहिला. बोंबला.

तळेऱ्याला मोबाईलमध्ये चार्जिंगचं एक ठिकाण दिसलं. गेले, तर यंत्र निळ्या ताडपत्रीत करकचून बांधलेलं. शेजारी एकजण कलिंगडं विकत बसला होता. त्याला विचारलं, "चालू आहे का हो?"

"चालू आसा," तो म्हणाला, "पण उद्घाटन जावंक नाय."

"कधी होणार?"

"तां माका म्हायत नाय. फीत मात्र हाडून ठेवल्यानी."

मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि घाम पुसत देवगडचा रस्ता धरला. कुणकेश्वरच्या अलीकडे बबनदादांचं दोन खोल्यांचं न्याहारी निवास आहे. तिथे पोचले तेव्हा अकरा टक्के उरले होते. माडांतून समुद्र दिसत होता, पण बघायची ताकद नव्हती. बबनदादा धावत आले. त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ गाडीला प्रदक्षिणा घातली.

"ताई, बॅटरी किती आसा?"

"अकरा टक्के."

"बरा झाला. देवान धाडल्यान तुमका."

चिऱ्याच्या भिंतीवर कोरा करकरीत चार्जर होता, त्याला झेंडूचा हार. मी लगेच वायर ओढली, तर बबनदादांनी हातच जोडले. "ताई, हात लावू नकात."

मग उलगडा झाला. त्यांची मुलगी शिल्पा पुण्यात असते. तिनं विजेवरची गाडी घेतली आणि गावी येणं बंद झालं. दोन गणपती गेले, दोन शिमगे गेले. फोनवर एकच उत्तर, "बाबा, तिकडे चार्जिंगची सोय कुठेय?" म्हणून बबनदादांनी चार्जर बसवला. सरकारी योजनेत बसवला, त्यामुळे वेगळं मीटर मिळालं. अट एवढीच, की पहिलं चार्जिंग वीज कंपनीच्या साहेबांसमोर झालं पाहिजे, आणि तेही याच महिन्यात. नाहीतर मीटर काढून नेणार. गावात विजेवरची एकही गाडी नाही, आणि महिना संपायला चार दिवस उरलेले.

"साहेब कधी येणार?" मी विचारलं.

"उद्या."

उद्या साहेबांची बैठक निघाली. परवा आणखी मोठ्या साहेबांची बैठक निघाली. चार्जर आहे, वीज आहे, गाडी आहे, आणि मी घावणे खात बसलेय. सूट म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. सरकारनं मला गाडी चालवण्यातून सूट दिली होती.

ऊन लागायला नको म्हणून गाडी मांगरात (गवत, अवजारं ठेवायच्या खोपीत) नेऊन ठेवली होती. सुमनवहिनी, म्हणजे बबनदादांच्या पत्नी, मला बांगड्याचं तिखलं वाढायच्या, सोलकढी पुन्हा पुन्हा ओतायच्या आणि सारख्या मांगराकडे बघायच्या. काहीतरी त्यांना खात होतं.

चौथ्या दिवशी दुपारी साहेब आले. डिझेलच्या जीपमधून. मी घाईघाईत, आकड्याकडे न बघताच, गाडी मांगरातून चार्जरपाशी आणली. बबनदादा एकदम पुस्तकी मराठीवर गेले. "साहेब, ही मॅडमची गाडी. आता चार्जिंग करून दाखवतो." त्यांनी वायर जोडली. पडद्यावर अक्षरं आली: बॅटरी पूर्ण भरलेली आहे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बबनदादांकडे पाहिलं. सुमनवहिनी पदराला हात पुसत पुढे आल्या.

"पावण्यांची गाडी उपाशी आणि आमी जेवतो, ह्या माका बरा वाटाक नाय. तुमी दोगा बाजारात, दर्यार जायत होतास, तेवां गाडीतली वायर काडून मांगरातल्या पंपाच्या बोर्डार लावन ठेवलंय."

बबनदादांनी वायर परत काढली. साहेबांनी नियम वाचला: किमान एक युनिट वीज चार्जरमधून गेली पाहिजे. घड्याळ पाहिलं. "पाचपर्यंत आहे मी. थोडी खाली करून आणा."

"कुठे नेऊ?"

"कुणकेश्वराला चला. दर्शनही होईल."

आणि साहेब स्वतःच पुढच्या सीटवर बसले. मागे बबनदादा आणि वहिनी. इंधन वाचवायच्या योजनेखातर वीज उडवायला आम्ही निघालो. एसी पूर्ण, भर उन्हात दिवे चालू, कोरड्या काचेवर वायपर. मागून साहेबांची जीप रिकामीच धूर सोडत येत होती.

मला हसू आवरेना. त्याच भरात बोलून गेले, "वहिनी, पंपाच्या बोर्डावर गाडी शंभर टक्के भरली की. मग शिल्पाचं इतके दिवस अडलं कुठे?"

साहेब मोबाईलमध्ये बघू लागले. वहिनींनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

परतल्यावर एक युनिट गेलं, शिक्का बसला, फोटो निघाला. बबनदादांनी लगेच पुण्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अरे वा बाबा, मस्तच. बघते मी, सुट्टी मिळाली की कळवते."

आता कोल्हापुरात लोक विचारतात, कोकणात चार्जिंगचं कसं काय? तळेऱ्याची फीत, साहेबांची जीप, भर उन्हातले वायपर सांगून मी त्यांना पोट धरून हसवते. पुढचं सांगवत नाही, म्हणून लिहिते.

निघायच्या सकाळी मी बबनदादांची माफी मागितली. ते डिकीत आमसुलांची पिशवी ठेवत होते.

"पंपाचो बोर्ड तिका म्हायत आसा ओ ताई. ल्हानपणी थंयच शॉक खाल्ल्यान तिना."

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

त्यांनी डिकी हळूच लावली.

"तिच्याकडचा एक कारण कमी केलंय. आता दुसरा सोदूक व्हया तिका. सोदता सोदता तरी घराची याद येतली."